निनावी अर्जातले ‘द’

दिवाळीच्या सुट्या संपून कॉलेज सुरू झालं, त्याच आठवड्यात प्राचार्यांनी मला बोलावून घेतलं. मी अकोल्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवते आणि राहते अमरावतीला. सकाळी बडनेऱ्याहून गाडी पकडायची, संध्याकाळी परत. अप-डाऊन करणाऱ्या माणसाला साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं की पहिला विचार एकच येतो, उशिराचं काहीतरी असणार.

उशिराचं नव्हतं. लवकरचं होतं.

प्राचार्यांनी एक लिफाफा माझ्यापुढे सरकवला. “पोस्टानं आलं. खाली सही नाही, नाव नाही. निनावी कागद मी मनावर घेत नसतो, मॅडम. पण तुमच्याबद्दल आहे, तर तुम्ही वाचलेलं बरं.” मूळ कागद त्यांनी स्वतःकडे ठेवला आणि मला झेरॉक्स दिली. मी ती घडी करून पर्समध्ये टाकली आणि दिवसभर हात लावला नाही.

परतीच्या गाडीत, बोरगाव गेल्यावर, कागद उघडला. एका पानाचा टाइप केलेला अर्ज होता, इंग्रजीत. पुढची गोष्ट सांगायला लाज वाटते, पण खरी आहे. त्यात काय लिहिलंय हे कळायच्या आधी माझा हात पर्समधल्या लाल पेनाकडे गेला. ‘द मॅडम ऑफ द इंग्लिश’ असं पहिलंच वाक्य सुरू होत होतं. पुढे ‘द ट्रेन ऑफ द अमरावती’. जिथे नको तिथे ‘द’. ‘ए अवर’, ‘अ‍ॅन युनिफॉर्म रूल’. वर्षानुवर्षं शिकवून माझा घसा बसला आहे की ‘ए’ लावायचा की ‘अ‍ॅन’, हे अक्षर पाहून नाही, कानानं ठरवायचं. अवरमधला एच आपण म्हणत नाही, म्हणून अ‍ॅन अवर. युनिफॉर्म म्हणताना तोंडातून ‘य’ निघतो, म्हणून ए युनिफॉर्म. या माणसानं दोन्ही ठिकाणी बरोब्बर उलटं केलं होतं. मूर्तिजापूर येईपर्यंत मी सतरा लाल गोल केले.

मग मजकूर वाचला. शेवटच्या तासाला मी घंटेच्या आधी वर्ग सोडते, गाडीसाठी. बारावीच्या मुलांचं आठवड्याला जवळपास एका तासाचं नुकसान होतं. सगळ्या शिक्षकांना सारखा नियम असावा. एवढंच. शिवी नाही, धमकी नाही.

मी निघायची, हे खरं होतं. आठवड्यातून तीन दिवस शेवटचा तास माझा असे आणि तो साडेचारला संपे. पावणेपाचची गाडी धरायची तर सव्वाचारला ऑटोत बसावं लागे. ती चुकली की पुढची सव्वा तासानं. मी मनाशी म्हणायची, पोर्शन तर पूर्ण होतो ना. त्या दिवशीही तेच म्हटलं आणि तो विषय तिथेच सोडला. माझ्या डोक्यात दुसरंच काही फिरत होतं. हे लिहिलं कोणी?

वर्गात आर्टिकल शिकवताना मी नेहमी सांगते, आपल्या भाषेत ही भानगड नाही म्हणून आपण अडखळतो. ‘विहिरीवर एक बाई आली’ म्हटलं की बाई अजून कोणीही असू शकते. तिथे ‘ए’. पुढच्या वाक्यात ‘बाईनं पाणी काढलं’ म्हटलं की ती तीच बाई, तुम्हालाही माहीत, मलाही माहीत. तिथे ‘द’. मुलं मान डोलावतात. एखादं अडतं. त्याच वर्षी एका मुलीनं विचारलं होतं, “मॅडम, सूर्य एकच आहे म्हणून द सन. मग अकोला बी एकच आहे, द अकोला काहून नाही?” मी म्हटलं, गावाच्या नावाला लागत नाही. ती म्हणाली, “मग गंगेले कसा काय लागते?” वर्ग हसला. मी पण हसले, आणि नदीच्या नावाला लागतो असा नियम आहे, एवढंच सांगून पुढे गेले. का लागतो, ते मलाही कुठे धड माहीत होतं!

आता मी हाच नियम त्या कागदाला लावला. ‘द ट्रेन’ लिहिलंय. म्हणजे कोणती गाडी, हे लिहिणाऱ्याला माहीत आहे. ‘द बेल’, ‘द लास्ट पीरियड’. कोणी बाहेरचा नाही, आतलाच आहे. आज हे लिहिताना त्यातला वेडेपणा दिसतो. ज्या माणसानं अमरावतीला आणि इंग्रजीलाही ‘द’ लावला, त्याच्या एका ‘द’वरून मी साक्षीपुरावा काढत होते. पण संशय एकदा डोक्यात बसला की त्याला कशाचाही आधार पुरतो.

दुसऱ्या दिवसापासून मी स्टाफरूममध्ये बसून लोकांची इंग्रजी तपासू लागले. भौतिकशास्त्राचे सर ग्रुपवर इंग्रजीत मेसेज टाकतात, पण त्यांच्या वाक्यात आर्टिकल औषधालाही सापडत नाही. ते बाद. गणिताचे सर फक्त अंगठा पाठवतात. क्लार्क मराठीशिवाय काही लिहीत नाही. खेळाच्या सरांचा मी एक जुना मेसेज शोधून काढला, तर तो कुठून तरी आलेला शुभेच्छांचा होता. बोलताना मी हसत होते, विचारपूस करत होते, आणि आतून प्रत्येकाला चाळणी लावत होते. माझी पाठ वळली की कोणी बोलतं का, याकडे कान लागलेले असायचे.

आठवड्याभरानं क्लार्कच्या टेबलावर एक रजेचा अर्ज दिसला. टाइप केलेला, इंग्रजीत. ‘फॉर द मॅरेज ऑफ द कझिन अ‍ॅट द वर्धा.’ खाली आणखी एक वाक्य होतं, लग्नाच्या आदल्या दिवशी एक तास लवकर सोडावं म्हणून. तिथे ‘ए अवर’. मी खालची सही पाहिली. सही इतिहासाच्या मॅडमची होती.

ही बाई बडनेऱ्याची. माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी लहान. सहा वर्षं आम्ही सकाळी एकाच डब्यात, समोरासमोर बसून येत होतो. कॉलेजात मला मॅडम म्हणायची, गाडीत ताई. कुरूम गेलं की दोघींचे डबे उघडायचे, कारण घरून निघताना कोणाच्याच पोटात काही नसे. थंडीत तिच्या डब्यात तुरीच्या सोल्यांची, म्हणजे ओल्या दाण्यांची भाजी असायची, आणि ती अर्धी मीच संपवायची. माझ्या नवऱ्याच्या आजारपणात तिनं माझे तास घेतले होते. संध्याकाळी मात्र आम्ही सोबत नसू. ती घंटा होईपर्यंत थांबायची आणि नंतरच्या गाडीनं जायची.

आता हेच आठवायला लागलं. ती नंतरच्या गाडीनं जाते, मी आधीच्या. मी कोणत्या गाडीनं जाते हे नेमकं तिलाच माहीत. मागच्या हिवाळ्यात एकदा म्हणाली होती, “तुमचं बरं आहे ताई, तुमी लवकर घरी पोचता.” तेव्हा साधं वाटलेलं वाक्य आता उलटंपालटं करून पाहिलं तर त्यात काटा निघाला.

तरी मी एक परीक्षा घ्यायची ठरवली. गाडीत सहज विचारल्यासारखं करून म्हटलं, “माझी मुलगी एक तास अभ्यास करते, हे इंग्रजीत कसं लिहाल हो तुम्ही? मुलांना उदाहरण द्यायचं आहे.”

ती हसली. “तुमी इंग्रजीवाल्या, अन् मले काहून विचारून राहिल्या?”

“लिहा तर खरं.”

तिनं माझ्या वहीच्या मागच्या पानावर लिहिलं, आणि त्यात आर्टिकलच नव्हतं. ‘वन अवर’ लिहून मोकळी झाली. कोणाही शहाण्या माणसाला यातून कळलं असतं की त्या अर्जातली भाषा हिची नाही. मला काय वाटलं? की हिला संशय आलाय. ही सावध आहे. मुद्दाम चूक लपवली.

त्या दिवशी तिनं डबा पुढे केला, तर मी म्हटलं, “आज पोट बरोबर नाही.” दुसऱ्या दिवशी उपवास सांगितला. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या डब्यात चढले. ती फलाटावर मला शोधत होती, हे मी खिडकीतून पाहिलं आणि पेपर वर धरला.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण भौतिकशास्त्राच्या सरांनी एकदा विचारलं, “काय मॅडम, आजकाल इतिहास-इंग्रजीची जोडी फुटली वाटते?” मी म्हटलं, “सर, काही लोकांना पाठीमागून लिहायची सवय असते.” नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती. पंधरा दिवसांत स्टाफरूममध्ये ती आली की सगळ्यांचे आवाज खाली यायला लागले. ती आपल्या खुर्चीत बसून पेपर तपासायची आणि घंटा झाली की उठून जायची. मी ते पाहत होते. मला बरं वाटत होतं, हेही लिहून टाकते.

जानेवारीत एके सकाळी अकोला स्टेशनवर उतरल्यावर तिनं मला जिन्यापाशी गाठलं. “ताई, माझं काही चुकलं काय?”

“ते तुम्हालाच माहीत.”

“मले नाही माहीत, म्हणून तर विचारून राहिली.”

मी म्हटलं, “तास आहे माझा,” आणि पायऱ्या चढून गेले. ती मागे आली नाही.

फेब्रुवारीत बोर्डाच्या परीक्षेची ड्युटी लागली. नवऱ्याच्या तपासणीची तारीख त्याच दिवशी असल्यामुळे मला ड्युटी बदलून हवी होती. अर्ज मी स्वतः हातानं लिहिला, पण वर पाठवायचा म्हणजे टाइप केलेला हवा. कॉलेजचा प्रिंटर बिघडलेला. क्लार्क म्हणाला, “तहसीलसमोर आपला टायपिंगवाला आहे ना मॅडम, सगळे तिथूनच करून आणते.”

तहसील कार्यालयासमोर टिनाच्या टपऱ्यांची एक रांग आहे. क्लार्कनं सांगितलेल्या टपरीत साठीचा एक माणूस बसला होता, चष्म्याला दोरी लावलेला. पुढे जुना कॉम्प्युटर, आणि बाजूला कापडाखाली झाकून ठेवलेला टाइपरायटर. माझा कागद त्यानं क्लिपला लावला, आणि त्याची बोटं इतकी भराभर चालली की मी नुसती पाहत राहिले. प्रिंट काढून त्यानं माझ्या हातात दिली.

मी वाचलं आणि तिथल्या बाकावर बसले. ‘द अकोला.’ ‘द हजबंड्स द चेकअप.’ जिथे मी ‘अ‍ॅन अवर’ लिहिलं होतं, तिथे ‘ए अवर’.

“काका, मी असं नव्हतं लिहिलं.”

“माहीत आहे मॅडम,” तो शांतपणे म्हणाला. “तुमचे ‘द’ राहून गेले होते जागोजागी. मी टाकून देल्ले.”

“पण लागत नाही तिथे.”

“लागो न लागो. ‘द’ नसला का अर्ज नागडा दिसते साहेबाले. चाळीस वर्सं झाले, मी हे करून राहिलो.” मग समजावणीच्या सुरात म्हणाला, “अन् अवर एचपासून सुरू होते. एच काही व्हॉवेल नाही. लोक घाईघाईत अ‍ॅन लिहून देते, मी सुधरवून देतो. पैसे नाही घेत त्याचे.”

मी कसंबसं विचारलं, “आमच्या कॉलेजचे लोक तुमच्याकडेच येतात?”

“कॉलेजचे, शाळेचे, मुलांचे मायबाप. मराठीत लिहून आणलं तर इंग्रजी बी मीच करून देतो.”

पुढचा प्रश्न माझ्या जिभेवर होता. दिवाळीच्या सुमारास माझ्याविरुद्धचा अर्ज कोणी आणला होता? त्यानं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं असावं, कारण मी काही बोलायच्या आतच म्हणाला, “कोणाचा कागद कोणाले सांगत नसतो आपन. नाहीतर कोन येईल मॅडम माझ्याकडे?”

मी विचारलं नाही. त्याच्याकडून तो अर्ज परत टाइप करून घेतला, ‘द’ काढायला लावून. तो नाराज झाला.

कॉलेजला चालत परत आले. त्या रस्त्यानं मला पहिल्यांदा कळलं की माझ्याजवळ पुरावा म्हणून जे होतं ते सगळं या म्हाताऱ्याचं होतं. त्यातला एकही ‘द’ त्या बाईचा नव्हता. आणि निनावी अर्ज लिहिणाऱ्याचाही नव्हता. तो कोणीही असू शकत होता. बारावीतली एखादी मुलगी, एखादीची आई, कोणीही. मी तीन महिने व्याकरण वाचत बसले होते.

त्या दिवशी शेवटचा तास माझा होता. मी घंटेपर्यंत शिकवलं. वर्गातली मुलं सव्वाचारला सवयीनं दप्तरं भरायला लागली, मी बोलतच राहिले म्हणून त्यांनी ती परत उघडली. पावणेपाचची गाडी गेली. मी स्टेशनवर बसून राहिले, आणि इतिहासाच्या मॅडम आल्या तेव्हा उठून उभी राहिले.

सगळं सांगितलं. निनावी अर्ज, लाल गोल, तिचा रजेचा अर्ज, वहीतलं वाक्य, सरांना बोललेलं वाक्य, टायपिंगवाला. मध्ये कुठे थांबले नाही, कारण थांबले असते तर काहीतरी वगळलं असतं.

ती ऐकत होती. गाडी आली, आम्ही चढलो, बसलो. काटेपूर्णा गेलं. मग ती म्हणाली, “एवढंच होतं?”

“एवढंच.”

“मले काय वाटलं माहीत आहे काय ताई?” तिचा आवाज वर गेला नाही, पण ती माझ्याकडे न पाहता खिडकीबाहेर पाहून बोलत होती. “तुमी पहिले माझा डबा खायचा बंद केला. मग डबा बदलला गाडीचा. मले वाटलं, कोनी तरी तुमाले माझं आडनाव नीट समजावून सांगतलं.”

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. तिचं घर बौद्ध. हे मला सहा वर्षं माहीत होतं आणि सहा वर्षांत कधी त्याचा विचार करावा लागला नव्हता, कारण विचार करायची पाळी माझ्यावर कधी येतच नव्हती.

“नाही हो, शपथ...”

“आमच्या घरचा डबा कोनी कोनी कधी कधी नाही खाल्ला, हे मले आजीपासून ऐकून पाठ आहे. अन् मी शिकवते बी इतिहास. तुमी म्हटलं पोट बरोबर नाही. मी घरी जाऊन माझ्या आईले विचारलं, आई, सहा वर्सांनंतर असं होऊ शकते काय? ती म्हणे, होऊ शकते.”

मी रडले. ती रडली नाही. बोगीतल्या एका बाईनं मला पाण्याची बाटली दिली. मूर्तिजापूरला गर्दी चढली आणि आमच्यामध्ये कोणाची तरी पिशवी आली.

उतरताना ती म्हणाली, “मले एकदा विचारलं असतं ना तुमी. एका मिनटाचं काम होतं.”

दुसऱ्या दिवशी मी मधल्या सुटीत स्टाफरूममध्ये उभी राहिले आणि सगळ्यांसमोर बोलले, की मी एका सहकाऱ्यावर खोटा आळ घेतला होता, नाव न घेता घेतला होता, म्हणून आता नाव घेऊन मागे घेते. भौतिकशास्त्राचे सर म्हणाले, “जाऊ द्या मॅडम, आम्ही तर विसरलो बी होतो.” इतिहासाच्या मॅडम त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, “मी नव्हती विसरली सर.”

प्राचार्यांनाही जाऊन सांगितलं की अर्जातलं म्हणणं खरं होतं आणि यापुढे तसं होणार नाही. त्यांनी मान हलवली आणि दुसरीच फाइल उघडली. त्या दिवसापासून मी पावणेपाचच्या गाडीचं नाव सोडलं. घरी पोचायला आता दिवे लागलेले असतात. नवरा कुकर लावून ठेवतो.

संशयाची खोड मात्र गेली म्हणता येणार नाही. अजूनही वह्या तपासताना कोणी ‘द अमरावती’ लिहिलेलं दिसलं की पेन थांबतं आणि मी वहीवरचं नाव पाहते. मग स्वतःलाच रागावते, चूक दुरुस्त करते, पुढची वही घेते. त्या ‘गंगेले कसा काय लागते’ विचारणाऱ्या मुलीकडे, तो अर्ज हिचा तर नसेल ना या विचारानं, मी कित्येक दिवस नीट पाहू शकले नाही. ती पास होऊन आता अमरावतीला शिकायला गेली आहे, असं ऐकलं.

आम्ही दोघी आता सकाळीही सोबत असतो आणि संध्याकाळीही. पहिले कित्येक महिने ती डबा आणतच नव्हती. घरून खाऊन येते म्हणायची. मी माझा उघडायची आणि मध्ये ठेवायची. ती एखादा घास घ्यायची, कधी नाही घ्यायची. मी काही म्हणायची नाही. मला आता म्हणायचा हक्क नव्हता. पुढच्या थंडीत एका सकाळी कुरूम गेल्यावर तिनं पिशवीतून डबा काढला, झाकण उघडलं, आणि माझ्याकडे न सरकवता आपल्या मांडीवरच ठेवून खायला लागली. सोल्यांचीच भाजी होती. मी खिडकीबाहेर पाहत बसले. माना स्टेशन आलं तेव्हा ती म्हणाली, “तिखट आहे बरं का आज,” आणि डबा तसाच मांडीवर ठेवून भाकरीचा एक तुकडा तेवढा माझ्या हातावर ठेवला.